सिस्टर आणि वाढलेला दिवा

अन्याय झाला तो मच्छिंद्र ड्रायव्हरवर. १९७३ साली, होळीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, गावच्या सहकारी सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये, अर्ध्या गावादेखत. हे आधीच सांगून टाकतो, कारण सिस्टरबद्दल लिहायला बसलं की हसू यायला लागतं आणि हसण्याच्या नादात मूळ मुद्दा बाजूला पडतो. मूळ मुद्दा असा, की एका नेकीच्या ड्रायव्हरला ‘इंजिन जाळणारा’ ठरवून कामावरून काढलं, आणि तेही त्याने उच्चारलेल्या एका शब्दावरून. शब्द सगळ्यांनी ऐकला. त्याला अर्थ मात्र एकानेही विचारला नाही.

आता सिस्टर.

नगर जिल्ह्यातल्या बेलापूरहून सायकलवर सहज जाता येईल अशा त्या गावात मी त्यांच्या घराच्या पडवीत भाड्याने राहत होतो. सिस्टर मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. अंगावर कडक इस्त्रीची पांढरी साडी, पायात पुरुषी काळे बूट आणि गळ्यात पोलिसाची शिट्टी. शिट्टी होती टर्कींसाठी. त्यांनी अंगणात पाचसहा टर्की पाळल्या होत्या आणि एक शिट्टी म्हणजे दाणे, दोन म्हणजे खुराड्यात चला, अशी शिस्त लावली होती. तीन शिट्ट्या माझ्यासाठी होत्या. तीन म्हणजे चहा. मी गावात शेतमजुरांची संघटना बांधायला आलेलो, जगाला जागं करणारा माणूस, आणि मला टर्कीच्या रांगेत बसवलेलं! मी निषेध नोंदवला. त्या म्हणाल्या, “टर्क्या निषेध करत न्हाईत, म्हनून त्यांना दाने आधी मिळत्यात.”

त्या मला ‘पुढारी’ म्हणत. प्रेमाने नाही.

त्यांच्याशी वाद घालायचा तर एक अट असे. मनगट त्यांच्या हातात द्यायचं. नाडीवर बोटं ठेवून त्या समोरच्याचं बोलणं ऐकत. “बोल. हात काढायचा न्हाई.” मधेच थांबवत, “हितं उडी मारली. हे वाक्य तुला सोताला पटलेलं न्हाई. फुडं.” दूधवाल्याचं मनगट रोज सकाळी धरलं जाई. तो बिचारा खरंच पाणी घालत नसे, पण मनगट धरलं की घाबरायचा, नाडी उडायची आणि सिस्टर विजयी मुद्रेने भांडं परत करायच्या.

दुसरी गोष्ट त्यांच्या तोंडाची. आपल्याकडे माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बांगडी फुटली तरी ‘वाढवली’ म्हणायचं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. सिस्टरना या सगळ्याचा संताप होता. शेजारच्या ओटीवरून उठताना त्या मुद्दाम ठणकावून सांगत, “मी जाते!” बायका कानांवर हात ठेवत. “असं काय वो सिस्टर, येते म्हना की!”

“कशाला? मला परत यायचं न्हाई. चहा पांचट हुता. मी जाते.”

आणि याला कारण होतं. बायकांच्या वॉर्डात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. त्या सांगायच्या, “पुढारी, बाई जितं दुखतं तितलं नाव घेत न्हाई. सगळ्या गावचं नाव घेईल. डागदर इचारतो पोट दुखतंय का, ती म्हनती न्हाई. मंग मी जाते, दार लावते, आनि इचारते, ‘म्हंजे काय गं?’ हे दोन शब्द न्हाई कुटल्या पुस्तकात.”

‘म्हणजे काय?’ हा त्यांचा एक मंत्र. दुसरा असा, “आधी काच बघ, मग ताप बघ.” काच म्हणजे थर्मामीटर. कुणाचाही ताप बघण्याआधी त्या थर्मामीटर स्वतःच्या तोंडात धरत, उजेडाकडे वळून वाचत, पुसत, मगच रोग्याला लावत. एकदा म्हणे वॉर्डात एका धडधाकट बाईला थर्मामीटरने सणसणीत ताप दाखवला. तिला ओल्या चादरीत गुंडाळली, कपाळावर बर्फ ठेवला. “मंग ती कुडकुडायला लागली, तं डागदर म्हनले, बघा, थंडी वाजून ताप, मलेरियाच हाय! थर्मामीटर बिघडलेलं, आनि बाई मातर मलेरियाची! मी ते थर्मामीटर भिताडावर मारलं. माझा पगार कापला. कापू दे.”

ही बाई मच्छिंद्रच्या प्रकरणात उतरली ती अशी.

दुष्काळाचं साल. विहिरी तळाला गेलेल्या. सोसायटीकडे एक जुना परदेशी ट्रॅक्टर होता. त्याला कॉम्प्रेसर जोडून हवेच्या दाबावर विहिरीच्या तळाचा खडक फोडायचं काम चाललं होतं. गावाची सगळी आशा त्या एका विहिरीवर. ट्रॅक्टर चालवणारा मच्छिंद्र मूळचा पाथर्डीकडचा. आईबाप दरसाल ऊसतोडीला जाणारे. हा एकटा त्यातून निसटून ड्रायव्हर झालेला, आणि त्या एका गोष्टीचा त्याला केवढा अभिमान! सकाळी इंजिन चालू करण्याआधी तो हात धुवायचा.

ट्रॅक्टरच्या समोरच्या पट्टीवर एक छोटा लाल दिवा होता. इंजिनात तेलाचा दाब कमी पडला की तो लागतो. लागला की इंजिन तत्काळ बंद करायचं, नाहीतर आतले भाग कोरडे घासून इंजिन बसतं. सोसायटीचे मॅनेजरसाहेब पुण्याहून नवे आलेले. पाहणीला आले, तर नेमका त्याच क्षणी दिवा लालभडक झाला. मच्छिंद्र हात पुढे करतोय तोवर त्यांनी धावत जाऊन काम बंद करवलं आणि दुपारी चेअरमनसमोर मच्छिंद्रला उभं केलं.

मी तिथे होतो. जसं घडलं तसं सांगतो.

मॅनेजर म्हणाले, “हा दिवा आजच लागला, की आधीही?”

“सकाळी बी लागला हुता साहेब.”

“मग काय केलंस?”

“लगीच बंद केलं. तेल बघितलं, बरुबर हुतं. परत चालू केलं. मंग दिवा वाढला.”

“वाढला?”

“व्हय.”

“दिवा वाढला, आणि तरी तू काम चालू ठेवलंस?”

मच्छिंद्र गोंधळला. “वाढला म्हनूनच ठेवलं की साहेब! वाढला नसता तर कशाला ठिवलं असतं?”

शेडमध्ये हसण्याची लाट उठली. कुणीतरी म्हणालं, “पाथर्डीकडं इंजान लाल झाल्याबिगर चालवत न्हाईत वाटतं!” मॅनेजरसाहेबांनी हात पसरले. चेअरमननी मान हलवली. कबुली मिळाली होती, आता आणखी काय हवं? मच्छिंद्रला काढलं आणि इंजिन खोलायला नगरला पाठवायचं ठरलं. संध्याकाळपर्यंत आसपासच्या वाड्यांत बातमी गेली. आता त्याला कुणी बैलगाडीवरसुद्धा बसवलं नसतं. ड्रायव्हर म्हणून त्याचं नाव बुडालं, आणि त्याच्यापाशी तेवढं एकच नाव होतं.

मी पत्रक लिहिलं. जळजळीत लिहिलं. ‘श्रमिकाचा बळी’ असा मथळा, वर मूठ, खाली सवाल. सिस्टरना वाचून दाखवलं. त्यांनी मनगट धरूनच ऐकलं.

“नाडी बरी हाय,” त्या म्हणाल्या. “पन ह्यात दिव्याचं काय झालं?”

“दिव्याचा प्रश्न नाही सिस्टर, प्रश्न व्यवस्थेचा आहे.”

“व्यवस्था ऱ्हाऊ दे. दिवा लागला का, मोठा झाला का, काय झालं? ज्याच्यापायी मानूस काढला, तेच तू लिवलं न्हाईस.”

पत्रक चांगलं होतं. मी आजही म्हणतो, चांगलं होतं.

धुळवड झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मच्छिंद्र आला. सिस्टरकडून आईची कंबर शेकायला नेलेली रबरी पिशवी परत करायला. दुष्काळी कामावर खडी फोडायला निघाला होता. पिशवी ठेवली आणि म्हणाला, “येतो सिस्टर.”

“कुटं येतो? तू तं चालला!” सिस्टरनी त्याचं मनगट पकडलं. “बस. त्या दिव्याचं सांग. पैल्यापासून.”

त्याने सांगितलं, अगदी शेडमध्ये सांगितलं होतं तसंच. “...परत चालू केलं. मंग दिवा वाढला.”

“म्हंजे काय?”

“म्हंजे... वाढला.”

“मोठा झाला? लई लाल झाला?”

“न्हाई वो!”

“मंग?”

मच्छिंद्रने पाचही बोटं एकत्र आणली आणि हळूच मिटली.

सिस्टर खुर्चीत पुढे सरकल्या. “इझला?”

मच्छिंद्र दचकला. “बाई, भरल्या घरात दिव्याला असलं काय बोलता! वाढला म्हना.”

मग सिस्टरनी शिट्टी तोंडात घातली आणि अशी काही फुंकली की सगळ्या टर्की एकदम दाण्याला आल्या.

“इझला!” त्या ओरडल्या. “अरे मुडद्या, इझला! लागला हुता, तू बंद केलं, परत चालू केलं, आनि दिवा इझला! म्हनून काम चालू ठिवलंस! पुढारी! हा मानूस खरं बोलला आनि सगळ्या शेडीनं खोटं ऐकलं!”

जुनी माणसं आमच्याकडेही दिवा वाढवतात, विझवत नाहीत. पण वीज आली, बटणं आली आणि बटणाच्या दिव्याला कोण वाढवणार? मॅनेजरच्या कानाला ‘वाढला’ म्हणजे प्रखर झाला. बाकीच्यांनीही तोच अर्थ घेतला, कारण ट्रॅक्टरचा दिवा हा त्यांच्या लेखी दिवाच नव्हता. मच्छिंद्रच्या लेखी होता.

“सरळ इझला का न्हाई म्हनलास?” सिस्टर त्याच्यावर उखडल्या.

“तेलाचा दिवा हुता बाई. इंजनाचा. त्याला मी कसं तसं बोलू?”

सिस्टरनी त्याचं मनगट सोडलं.

मग बूट घातले आणि थेट चेअरमनच्या घरी. मी मागे, मच्छिंद्र त्याच्या मागे. चेअरमन ओटीवर पान लावत होते.

“अरे चेअरमन,” सिस्टर म्हणाल्या, “तुझी तिन्ही पोरं माझ्या हातावर जल्मली. तिसरं निळं पडलं हुतं, आठवतं का? मी मेलं म्हनले का? न्हाई म्हनले. आधी उलटं धरून पाठीवर मारलं, मंग बोलले. तू मातर आधी बोलला.”

“काय झालं सिस्टर?”

“बैठक बोलव. शेडीत न्हाई, हिरीवर. इंजान नगरला जायच्या आत.”

चेअरमन सभ्य माणूस. शिवाय तिसरं पोर तिथेच खेळत होतं. बैठक रंगपंचमीच्या सकाळी विहिरीवर ठरली. मी गावभर ओरडून सांगितलं. पत्रकाची गरज पडली नाही.

सगळा गाव लोटला. पाण्याला आलेल्या बाया हंडे ठेवून उभ्या राहिल्या. मॅनेजरसाहेब आले, चेहऱ्यावर नाराजी, पण आले, हे त्यांच्या पदरात टाकायला हवं. सिस्टर ट्रॅक्टरच्या पुढ्यात स्टुलावर बसल्या. मांडीवर औषधाची पिशवी, हातात मॅनेजरसाहेबांचं मनगट. हो, सिस्टरनी ते धरलं, आणि साहेबांना सोडवून घेता आलं नाही.

“मच्छिंद्र, किल्ली फिरव. इंजान चालू करू नको.”

किल्ली फिरली. लाल दिवा लागला.

“काय झालं?”

“दिवा लागला.”

“इंजान बंद हाय, दाब न्हाई, म्हनून लागला. बरुबर का मॅनेजरसाहेब?”

“बरोबर. तो रोजच लागतो.”

“आता चालू कर.”

इंजिन धडधडलं. दाब चढला आणि लाल दिवा गेला. सगळ्यांनी माना पुढे काढून पाहिलं.

“आता काय झालं, मच्छिंद्र? मोठ्यानं.”

“दिवा वाढला!”

मॅनेजरसाहेब दिव्याकडे बघत राहिले. काळी, बंद काच. मग मच्छिंद्रकडे. मग परत काचेकडे.

बायांच्या गर्दीतून एक म्हातारी म्हणाली, “मंग काय इझला म्हनावं का बया, इंजनाच्या तोंडावर?”

“उडी मारली!” सिस्टरनी मनगट वर उचलून गावाला दाखवलं. “मॅनेजरसाहेबांची नाडी उडाली! त्यांना समजलं!”

हसू फुटलं, पण या वेळचं हसणं वेगळं होतं. मॅनेजरसाहेबही हसले. लगेच गंभीर झाले. “सिस्टर, शब्दाचं मला पटलं. माझं चुकलं. पण मी आलो तेव्हा दिवा लागलेला होता, हे खरं आहे. इंजिनात दोष असणारच.”

“आता तुम्ही शहान्यावानी बोलला. आधी काच बघू. ह्या दिव्याला दाब कोन सांगतो?”

मॅनेजरसाहेबांनीच दाखवलं. इंजिनाच्या अंगात तेलाच्या वाटेवर एक छोटा स्विच बसवलेला असतो. त्याच्या डोक्यावर एक वायर. दाब कमी झाला की स्विच वायर इंजिनाच्या लोखंडाला जोडतो, आणि दिवा लागतो.

“काम चालू करा,” सिस्टर म्हणाल्या. “आजाऱ्याला झोपवून ताप दिसत न्हाई. त्याला हिंडवा.”

कॉम्प्रेसर जोडला. खाली खडकावर ड्रिल थडथडायला लागलं, ट्रॅक्टर अंगभर हादरायला लागला. थोड्या वेळाने दिवा फडफडला आणि लाल झाला. कुणी सांगायच्या आत मच्छिंद्रने इंजिन बंद केलं. किल्ली तशीच चालू ठेवली. दिवा लालच.

“आता ती वायर काढा,” सिस्टर म्हणाल्या. “तुमीच काढा साहेब. मी काढली तर म्हनाल, बाईनं जादू केली.”

मॅनेजरसाहेबांनी बाह्या सारल्या, वाकले आणि स्विचवरून वायर ओढून हवेत धरली. स्विच सुटला, म्हणजे दिवा जायला हवा होता.

गेला नाही. तसाच लाल.

“अरेच्चा,” मॅनेजरसाहेब म्हणाले.

“रोग्याला थर्मामीटर लावलंच न्हाई,” सिस्टर उभ्या राहिल्या, “आनि ताप दाखवतंय! काच खोटी हाय!”

वायर मधेच कुठेतरी लोखंडाला टेकत होती. मच्छिंद्र तिच्यावरून बोट फिरवत गेला. इंजिनामागे तिला धरून ठेवणारी क्लिप पडली होती. हादऱ्याने वायर कडेवर घासून उघडी पडली होती. टेकली की दिवा लाल, सुटली की गेला. त्याने बोटाने वायर उचलली. दिवा गेला. सोडली. लागला. पोरं “परत! परत!” ओरडायला लागली, आणि त्याने परत केलं.

पण सिस्टरचं समाधान नव्हतं. “काच खोटी, म्हंजे मानूस बरा, असं न्हाई. दुसरी काच लावून बघा. दाब मोजायचं काही हाय का?”

“कॉम्प्रेसरवर आहे,” मॅनेजरसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज आता आमच्यातला झाला होता. कॉम्प्रेसरवरचं दाबाचं गेज काढलं, स्विचच्या जागी पाइपाचा तुकडा लावून त्यावर ते बसवलं. त्यात बराच वेळ गेला, पण एकही माणूस घरी गेला नाही. इंजिन चालू केलं. काटा थरथरला आणि सरळ वर चढला. चढून ठाम थांबला.

“दाब पुरेपूर आहे,” मॅनेजरसाहेब ओरडले. “इंजिनाला काही झालेलं नाही!”

सिस्टरनी पिशवीतून जखमेला लावायची चिकटपट्टी काढली आणि वायरीच्या उघड्या भागावर स्वतः गुंडाळली. “रोग्याला हलवू नका,” म्हणाल्या. टाळ्या पडल्या. त्यांनी त्या मान झुकवून स्वीकारल्या. नम्रपणा त्यांना कधी जमला नाही आणि त्या दिवशी तर त्यांनी प्रयत्नसुद्धा केला नाही.

मी पुढे झालो. “आता मच्छिंद्रचं काय? काढलं ते सगळ्यांसमोर. घेणार ते गुपचूप का?”

चेअरमन काही बोलायच्या आत मॅनेजरसाहेब दगडावर चढले. “मी चुकीचं ऐकलं,” ते म्हणाले. “मच्छिंद्रने दिवा लागल्यावर इंजिन बंद केलं होतं. गेल्यावरच काम केलं. त्याच्या हातून काही बिघडलं नाही. तो आत्तापासून कामावर आहे.” चेअरमननी दवंडीवाल्याला बोलावलं आणि ज्या ज्या वाडीत बदनामी गेली होती तिथे तिथे दवंडी पाठवली. दवंडीचा मजकूर मी सांगितला. सिस्टरनी त्यातली तीन विशेषणं काढून टाकली.

गेज काढून स्विच आणि वायर परत जागेवर बसवली आणि मच्छिंद्र सीटवर चढला. चढण्याआधी हंड्यातल्या पाण्याने हात धुतले. दुष्काळात, पाण्याच्या रांगेत, आणि एकाही बाईने त्याला अडवलं नाही. त्याने किल्ली फिरवली, इंजिन धडधडलं आणि दोनशे-चारशे माणसं एका सुरात ओरडली, “वाढला!”

पुढे त्या विहिरीला पाणी लागलं. श्रेय सिस्टरनी चिकटपट्टीला दिलं. आठवड्यातून एकदा त्या विहिरीवर जाऊन पट्टीची पाहणी करत, आणि मॅनेजरसाहेबांनी ती काढून नीट वायर टाकली तेव्हा त्यांच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. ‘जाते’ म्हणायचं त्यांनी सोडलं नाही. आजही त्या राहुरीला भावाकडे असतात, आणि भेटायला गेलो की आधी मनगट मागतात.

मी हे गंमत म्हणून लिहिलेलं नाही. त्या दिवशी शेडमध्ये बसलेली माणसं दुष्ट नव्हती. त्यांनी फक्त एका माणसाचा शब्द आपल्या अर्थाने ऐकला आणि त्याला कबुली म्हटलं. असे मच्छिंद्र तुमच्याही गावात आहेत. कुणी कारखान्याच्या गेटवरून परत पाठवलेला आहे, कुणी शाळेतून, कुणी दवाखान्याच्या दारातून, ‘तोच तसं म्हणाला’ एवढ्या पुराव्यावर. तो कोण, हे तुम्हाला माहीत आहे. हा कागद खाली ठेवा आणि त्याच्याकडे जा. ज्यांच्यासमोर त्याला काढलं त्यांना पुन्हा एकत्र बोलवा, त्याला मधे उभं करा, आणि त्याचंच वाक्य त्याच्याकडून परत म्हणवून घेऊन त्याला सगळ्यांदेखत विचारा, “म्हणजे काय?”